अंगठ्याच्या नखाचं देणं

सन १९७३, चैत्र महिना. केडगावच्या विहिरींचा तळ दिसत होता आणि आम्ही चौघे पुणे रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये लेसर बनवत होतो.

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो. रोज झाडला तरी साचतो आणि अनवाणी गेलं की टोचतो. त्या शेडचे किस्से तसेच आहेत. बरेच हसण्यासारखे आहेत. एक तसा नाही. त्यात फ्रान्सिसचं माझ्यावर देणं झालं. पैशाचं असतं तर पगाराला फेडून मोकळा झालो असतो.

माणसं सांगतो. दामले साहेब शास्त्रज्ञ, परदेशात शिकून आलेले. शेख वायरमन, स्टोअरही तोच बघायचा. फ्रान्सिस साळवे काचकाम करायचा. नळी फुंकावी तर त्यानेच. आणि मी टर्नर, लेथवर धातू कातणारा. शाळा चौथीपर्यंत, पण एका केसाच्या जाडीचा फरक बोटाला कळायचा. मला सगळे मिस्त्री म्हणत.

माझी बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. फ्रान्सिसची बायको मुंबईला नर्स होती. तिची नोकरी तिकडे, याची इकडे. दर शनिवारी तो तिला पत्र लिहायचा. दुपारी आम्ही दोघं एकाच बाकावर डबा खायचो. फारसं बोलायचो नाही, पण बाकावर दुसरं माणूस असायचं.

* * *

लेसरच्या नळीत जे गॅस भरायचे त्यातला एक म्हणजे सोड्याच्या बाटलीत घालतात तोच. शेख तो नगरच्या एका सोडा फॅक्टरीतून आणायचा. तिसरं सिलिंडर नेलं तेव्हा मालकाला संशय आला.

"दिवसाला किती बाटल्या भरता?"

"एक बी न्हाई," शेख म्हणाला.

"मग ग्यास जातो कुठं?"

"उजेड करतो त्याचा."

मालकाला वाटलं, हा लपवतोय. केडगावात दुसरी सोडा फॅक्टरी निघाली! त्याने आपला मुनीम पाठवला. मुनीम दारात तासभर उभा राहिला. आत काचेची लांब नळी, तिच्याभोवती पाण्याची दुसरी नळी, वायरी, पंप. त्याने सगळं नीट पाहिलं आणि जाऊन मालकाला सांगितलं, "काळजी करू नका शेठ. चार मानसं एका नळीला पानी पाजत बसल्यात. बाटली धुवायची बी सोय न्हाई. दिवाळीपर्यंत बुडत्यात!"

* * *

हे सगळं कशासाठी, ते साहेबांनी आम्हाला एकदा चहा पिताना सांगितलं. नव्या तऱ्हेच्या अणुभट्टीची तयारी चालली होती. तिच्यात उष्णता वाहून न्यायला पाणी नाही, वितळलेला सोडियम. इंधन भरायच्या नळ्या बोटापेक्षा बारीक. त्यांची टोकं अशी बंद करायची की गळती म्हणून नको. साहेबांना ती टोकं लेसरने जोडायची होती.

"सोडियमला पाणी लागलं तर काय हुतं?" शेखने विचारलं.

"भडका उडतो."

"आन् ही भट्टी वीज कशावर बनवती?"

"वाफेवर."

"म्हंजी पान्याच्या."

"हो. दोन्हींच्या मध्ये फक्त एक पातळ भिंत."

शेखने कप खाली ठेवला. "साहेब, माझ्या दोन बहिनी एका घरात दिल्यात. त्यांच्यात अशीच पातळ भिंत हाय. मला ठावं हाय काय हुतं ते!"

साहेब त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसले. मग म्हणाले, "म्हणूनच अशा भट्टीत प्रत्येक जोड पक्का पाहिजे."

* * *

नळी गार ठेवायला पाणी लागायचं. हौदातून पंपाने चढायचं, नळीभोवती फिरून पुन्हा हौदात. टँकर आठवड्याला एकदा. शेजारच्या वस्तीवरच्या बाया खिडकीतून बघायच्या. एक म्हातारी होती, सखूबाई. ती एकदा आत आली आणि साहेबांनाच विचारलं, "ह्ये पानी दिसभर नुसतं हिंडतंय. कुनाला पाजायचं न्हाई व्हय?"



दुसऱ्या दिवशी साहेब नगरला गेले होते. फ्रान्सिसने हौदाचं झाकण काढलं. पंधरा-वीस हंडे भरले गेले. साहेब परत आले, ट्रायल सुरू केली, पाणी मध्येच तुटलं आणि नळी तडकली. तीन आठवड्यांचं काम.

"हौद कुणी उपसला?"

"मी," फ्रान्सिस म्हणाला.

"का?"

"मागितलं त्यांनी."

 साहेबांनी एक गोष्ट मनात धरली, की साळवे बेफिकीर आहे. फ्रान्सिसने अकरा दिवसांत नवी नळी फुंकली. पहिलीपेक्षा सरस होती. साहेबांनी मनात धरलेलं मात्र सुटलं नाही.

* * *

आता माझं.

लेसरच्या नळीच्या दोन टोकांना दोन आरसे असतात. त्यातला एक तांब्याचा. तो मी लेथवर काढला आणि महिनाभर हाताने घासून पॉलिश केला. मग त्यावर सोन्याचा पातळ मुलामा चढवून आणला. साहेबांचा हुकूम होता, आरशाला हात लावायचा नाही. तोंडावर रुमाल बांधायचा. फ्रान्सिसने आरसा स्पिरिटने पुसून चौकटीत बसवला आणि हात धुवायला बाहेर गेला.

मी एकटा होतो. आरसा समोर होता. माझ्या हातचा.

आम्हा टर्नर लोकांची एक रीत आहे. जॉब पुरा झाला की अंगठ्याचं नख त्यावरून ओढायचं. नख अडकलं तर फिनिश कच्चं. तीस वर्षं प्रत्येक जॉबवर ओढलं होतं. याच्यावरही ओढलं. नख कुठेच अडकलं नाही. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पहिल्यांदा पूर्ण ताकद लावली. आरशावर पांढरा ठिपका चमकला, टक् असा आवाज झाला आणि बीम गेला. आरसा काढून पाहिला. मधोमध काळी रेघ जळाली होती. नखाएवढी.

"साळवे!" साहेब ओरडले. "पुसताना काय केलंस?"

फ्रान्सिसने रेघ पाहिली. मग माझ्या हाताकडे पाहिलं. काचकाम करणाऱ्याची नजर ती, तिला ओरखडा वाचता येतो.

"चूक झाली साहेब," तो म्हणाला.

मी तिथेच उभा होतो. आदल्याच आठवड्यात साहेब एका पाहुण्याला म्हणाले होते, "या मिस्त्रींच्या हातावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो." चौथी शिकलेल्या माणसाला असं कुणी दोनदा म्हणत नाही. मी तोंड उघडलं नाही.

दुपारी डबा घेऊन मी लेथच्या मागे जाऊन बसलो. "मिस्त्री, या की," फ्रान्सिसने बाकावरून हाक मारली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्याने तीन दिवस हाक मारली. चौथ्या दिवशी मारली नाही.

* * *

मी नवा आरसा केला. या वेळी अंगठ्याला चिंधी बांधून. जिल्ह्याचे एक अधिकारी बघायला आले. हातात फाइल. तिच्यात आमचाच अर्ज होता, टँकर आठवड्याला दोनदा मिळावा म्हणून.

साहेबांनी लेसर चालू केला. अधिकारी डोळे बारीक करून बघत राहिले.

"किरण कुठे आहे?"

"समोरच आहे. डोळ्यांना दिसत नाही."

"अहो, सरकारचा पैसा घेता आणि दिसत नाही म्हणता? इथे? की इथे?" असं म्हणत त्यांनी फाइलने हवेत जागा दाखवली.

साहेब "अहो" म्हणेपर्यंत धूर निघाला. शेखने धावत जाऊन स्विच पाडला. फाइलला आरपार भोक. अर्जाच्या बरोब्बर खाली, सहीच्या जागी.

अधिकारी बराच वेळ त्या भोकातून आमच्याकडे बघत होते. मग खिशातून पेन काढलं, भोकाच्या शेजारी सही केली आणि म्हणाले, "टँकर तीनदा पाठवतो. तेवढं यंत्र बंद ठेवा, मी गेटबाहेर जाईपर्यंत!"

सगळे हसले. मी लेथकडे तोंड करून हसलो. शेजारी कुणी नसलं की हसू लवकर संपतं.

* * *

साहेबांकडे ताकद मोजायचं मीटर होतं. शेखचा त्यावर विश्वास नव्हता. त्याचं माप बिडीचं. लांब चिमट्यात बिडी धरायची, बीममध्ये घालायची आणि पेटेपर्यंत आकडे मोजायचे. चैत्रात नऊ आकडे लागत, ज्येष्ठात चार.

एकदा साहेबांनी पकडलं. "शेख! जगात इतकी महाग आगपेटी कुणाकडे नसेल!"

"व्हय साहेब," शेख शांतपणे झुरका घेत म्हणाला. "पर वाऱ्यानं इझत न्हाई."

साहेब पुढे आले. आम्हाला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी मीटर पाहिलं, मग हळूच विचारलं, "आज किती?"

"दोन आकडे."

"मीटरही तेच सांगतंय," साहेब म्हणाले. त्या दिवसापासून वहीत एक जादा रकाना आला. बिडी.

* * *

आषाढात जोड जमला. इंधनाच्या नळीचं टोक असं बंद झालं की पंपाने हवा दाबली तरी पाण्यात एक बुडबुडा आला नाही. लेसर मुंबईला हलवायचा ठरला. तिकडच्या वर्कशॉपमध्ये तो चालवायला इथला एक माणूस कायमचा घ्यायचा होता. नाव साहेबांनी द्यायचं.

शेखने मला येऊन सांगितलं, "मिस्त्री, तुमचंच नाव लिवलंय. टेबलावर कागद बघितला मी."

"आणि फ्रान्सिस?"

"त्याला कोन धाडतंय? आरसा जाळला न्हवं त्यानं."

फ्रान्सिस पलीकडे उभा होता. त्याने ऐकलं. बर्नर मोठा केला आणि कामाला लागला. त्या दिवशी शनिवार होता. त्याने पत्र लिहायला घेतलं नाही.

मी दुपारपर्यंत काम केलं. काय केलं ते आठवत नाही. मुंबईला कायमची नोकरी. चाळीतली खोली मिळाली असती, शेजारी माणसांचा आवाज असता. केडगावात घरी गेलं की माझ्याच कुलपाचा आवाज मला ऐकू यायचा.

मग हात पुसले आणि साहेबांच्या खोलीत गेलो. खोली म्हणजे शेडचाच कोपरा, मध्ये प्लायवूडचा पडदा. पलीकडे फ्रान्सिसचा बर्नर.

"या मिस्त्री. तुम्हाला बोलावणारच होतो."

"साहेब, आरसा फ्रान्सिसने खराब केला नाही. मी केला."

"काय?"

"नख ओढलं. सवय आहे."

साहेब खुर्चीतून उठले. "तो तर चूक झाली म्हणाला!"

"म्हणाला. मी गप्प बसलो."

"आणि हे आज सांगताय? तुमच्या हाताबद्दल मी मुंबईला काय लिहिलंय, ठाऊक आहे?"

"खोडा."

 मी नजर खाली केली नाही. पलीकडच्या बर्नरचा आवाज बारीक झाला होता.

साहेबांनी कागद ओढला. माझं नाव खोडलं. वर फ्रान्सिस साळवे असं लिहिलं आणि सही केली.

मी बाहेर आलो. फ्रान्सिस नळी फुंकत होता. गाल फुगलेले, काच लालभडक, टोकाला फुगा तयार होत होता. अशा वेळी काचवाल्याला बोलता येत नाही. त्याने डोळे वर केले. मी थांबलो नाही. लेथवर गेलो आणि पट्टा चढवून यंत्र सुरू केलं.

बुधवारी ट्रक आला. मागे लेसर, ताडपत्री बांधून. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी फ्रान्सिस, मुंबईला बायकोकडे निघालेला.