खालच्या मजल्याचा फोन

आमच्या घरात फोनची तार एकच. खांबावरून ती आधी खालच्या मजल्यावर मोठ्या भावाकडे यायची आणि तिथून वर माझ्याकडे. भंगाराच्या धंद्यात मी नवा होतो, तेव्हा माझ्यासाठी फोन आला की तो सांगायचा, "इथे असा कोणी राहत नाही." धंदा मी त्याच्याशिवाय उभा केला, पण ते वाक्य विसरलो नाही.

पुढे कारखान्यांच्या भंगाराचे लिलाव इंटरनेटवर होऊ लागले. गल्लीत फायबर आलेलं नव्हतं, म्हणून त्याच तारेवर ब्रॉडबँड घेतलं. यात प्रत्येक फोनच्या आधी फिल्टर नावाची छोटी डबी लावावी लागते. एक फोन जरी डबीशिवाय राहिला, तरी तो उचलताच नेट तुटतं. माझ्या फोनला डबी लावली आणि दुसरी घेऊन खाली गेलो.

"काय लटकवून राहिला बे माह्या फोनले?"

"फिल्टर आहे भाऊ. हे नसलं तर तू फोन उचलला का माहं नेट जाते."

"मंग जाऊ दे ना. तुहं भंगार वरच ठेव."

डबी खिशात घालून परत आलो.

खाप्याकडच्या एका बंद गिरणीची यंत्रं लिलावात निघाली. प्रत्येक यंत्र मी स्वतः हात लावून पाहिलं होतं. शेवटच्या मिनिटाला समोरच्याने बोली वाढवली, मी त्याच्यावर आकडा टाकला आणि मोडेमचा दिवा लुकलुकू लागला. जिन्यातून वाकून पाहिलं. भाऊ रिसीव्हर कानाला लावून उभा होता. बोलत नव्हता, नुसता वर माझ्याकडे पाहत होता. नेट परत आलं तोवर यंत्रं दुसऱ्याची झाली होती.

मी आरडाओरडा केला नाही. त्यालाच माझी बायको घाबरली.

कनेक्शन माझ्या नावावर होतं. लाइनमनला बोलावून खांबावरची तार थेट माझ्या खोलीत घेतली, तिथे मोठा फिल्टर बसवला आणि त्याच्यातून भावासाठी वेगळी तार खाली सोडली.

संध्याकाळी तो जिना चढून आला.

"माह्या फोनची तार तुह्या खोलीतून काहून गेली?"

"तुले डबी नको होती. मंग मी इकडंच लावली."

"फोन चालन ना पण?"

"चालन. फक्त लिलाव असला का बंद राहीन. तू फोन उचलला का माहं नेट जाते, तुले तर माहीतच आहे."

तो जिना उतरून खाली गेला.

मोबाइलवर त्याला नीट ऐकू येत नाही. सावनेरला दिलेल्या मुलीशी तो याच फोनवर बोलतो. लिलाव सुरू व्हायच्या आधी मी खाली जाणाऱ्या तारेची पिन काढतो. लिलाव संपला तरी लगेच लावत नाही, आधी चहा घेतो. खालून रिसीव्हर आपटल्याचा आवाज येतो. मोठा फिल्टर बसल्यापासून त्याच्या फोनने माझं नेट तुटतच नाही. हे मी त्याला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.