पोळ्याच्या दिवशी वासराच्या गळ्यात

पोळ्याच्या सकाळी मुलीचा दातांचा पट्टा धुऊन मी गोठ्यातल्या खुंटीवर वाळत घातला. बैलांचा नवा साजही तिथंच होता. गड्यानं पट्टा वासराच्या गळ्यात बांधला, वर घुंगरू लावलं, आणि वासरू तोरणाखाली मिरवून आलं.

पट्टा साधा, कापडी. मानेमागून घ्यायचा आणि तोंडातून बाहेर आलेल्या तारेला दोन्हीकडून अडकवायचा. मुलीच्या मागच्या दाढा पुढे सरकल्यामुळे सुळा वर हिरडीतच चढून बसला होता. बारा वर्षांची पोर तोंडावर हात ठेवून हसायची. अलीकडे हसणंच सोडलं होतं.

त्याआधी नागपुरात एक डॉक्टर गाठला होता. दवाखान्यात आरसेच आरसे. त्याची तार पुढच्या दातांचा टेकू घेऊन दाढा मागे ढकलणार होती, आणि बाहेरून काही म्हणता काही दिसणार नव्हतं. त्या न दिसण्यावरच मी भाळलो. वर्ष सरत आलं तरी दाढा ढिम्म, पुढचे दात मात्र आणखी पुढे. "थोडं होतंच," तो आरशात स्वतःचा भांग बघत म्हणाला. अहो, कोपऱ्याच्या खांबाला बाहेरून ताण नसेल तर कुंपणाची तार ओढताना खांबच वाकतो! एवढी अक्कल आमच्या समुद्रपूरच्या बांधावरही मिळते. या दीडशहाण्यानं दाताला दाताचाच आधार दिला. आणि जन्मभर कुंपणं घातलेला मी समोर मान डोलावत बसलो.

दुसऱ्या डॉक्टरनं हा पट्टा देऊन सगळा जोर मानेवर घेतला. दाढा मागे सरकू लागल्या. पण पट्टा दिसायचा ना!

सणाला हिंगणीहून मेहुणा आला होता. तंबाखूनं काळे झालेले दात दाखवत पंगतीत म्हणाला, "भाऊजी, पोरीचा दागिना वासराले काऊन घातला? का वासराचाच पोरीले घालता?"

"मी नाई घालत आता," मुलगी म्हणाली. "कधीच नाई."

म्हणजे दाढा पुन्हा पुढे, आणि सुळा जन्मभर तिथंच. मी उठलो. वासराचा पट्टा सोडून आणला, माझ्या मानेमागून घेतला, दोन्ही टोकं दातांत धरली आणि मेहुण्याला पुरणपोळी वाढायला वाकलो. घुंगरू वाजलं.

मुलीचे दोन्ही हात पुरणात. तोंड झाकायचं राहूनच गेलं आणि ती खदखदून हसली. वाकडा सुळा सगळ्या पंगतीनं पाहिला.

"आणा तो इकडे, बाबा," ती म्हणाली. "पण आधी धुवा."

ताटं उचलताना बायको म्हणाली, "हा पट्टा तुमालेच आधी पाहिजे होता. त्या आरशेवाल्यापाशी तुमचं 'हो हो' तरी बंद राह्यलं असतं."