रेडकाच्या उतारावरची हाक

रेडकाच्या उतारावर एका वेळी एकच सायकल सोडायची, हा किशोरीचा नियम होता. वर उभ्या असलेल्याला खालचं वळण दिसत नाही. वळणावर करवंदीची जाळी इतकी दाट, की पलीकडे अख्खी म्हैस बसली असली तरी पत्ता लागू नये. म्हणून वळणाशी तिचा नवरा विनेश उभा राही. आधीचा माणूस सुखरूप निघून गेला, वाट मोकळी झाली, की तो खालून ओरडे, "ये!" मग वरून पुढची सायकल सुटे.

हा शब्द किशोरीनंच ठरवला होता. ती भरडखोलच्या कोळ्याची पोर. होडीवरून किनाऱ्याकडे घातलेली हाक अर्धीच कशी पोचते, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. नव्या गटाला ती सांगे, "लांब शब्द वाऱ्यात तुटतो. म्हणून आपला एकाच अक्षराचा."

दिवेआगरला तिच्या सासरची सुपारीची वाडी होती. वादळानं ती एका दुपारी आडवी केली. नवी रोपं हाताशी येईतो घरानं करायचं काय, म्हणून मागच्या खोल्या पाहुण्यांना देऊ लागले. त्यातलाच एक पाहुणा आपली जाड टायरची सायकल पुढच्या खेपेपर्यंत पडवीत ठेवून गेला, आणि एका पहाटे किशोरी ती घेऊन गावामागच्या सड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर, चढली. सासू नीराबाईंनी आधी तोंड फिरवलं. पुढे स्वतःच शेजारणींना सांगू लागल्या, की आमची सून डोंगर उतरते, पन पायानं न्हाय. किशोरी पुण्याला जाऊन रीतसर शिकून आली, विनेशनं चाकं आणि ब्रेक उघडून बघता बघता दुरुस्ती उचलली, आणि हिवाळ्यातल्या रविवारी शहरातले गट त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले.

ती शिकवायची ते थोडंच असे, पण पुन्हा पुन्हा. दगडाकडे बघाल तर दगडावरच जाल, वाटेकडे बघा. उतार लागला की बूड सीटच्या मागं न्या. जांभ्याचे खडे गोट्यांसारखे फिरतात, त्यांच्यावर ब्रेक मारू नका. पुढचा ब्रेक करकचून दाबला तर सायकल थांबते, तुम्ही थांबत नाही. यावर लोक हसत. ती हसत नसे.

त्या रविवारी पुण्याचा गट होता. उताराआधी सड्यावर अपघाताची तालीम झाली. तालमीत जखमी नेहमी विनेशच व्हायचा, आणि मन लावून व्हायचा. वाटेत आडवा पडून कण्हायला लागला. किशोरीनं सांगितलं, आधी वरच्या बाजूला एक सायकल वाटेत आडवी लावा, म्हणजे मागचा अंगावर येणार नाही. मान हलवू नका. नावानं हाक मारा. गटातल्या हेमांगीनं विचारलं, तुम्हीच मारून दाखवा ना. विनेशनं एक डोळा उघडला.

"तुमची ताई न्हाय मारनार. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायला उखाना लागतो. तवर मी मेलेला असन."

सगळे हसले. किशोरीनं त्याच्या बुटाला लाथ मारली.

मग उतार. हेमांगी पहिली सुटली आणि नीट उतरली. तिच्यानंतर गटातला ऋत्विक उभा होता, एक पाय जमिनीवर, एक पेडलवर. सकाळचा वारा अजून फिरला नव्हता. डोंगरावरून समुद्राकडे वाहत होता, पाठीवर गार लागत होता. खालून हाक आली.

"ये!"

ऋत्विकनं किशोरीकडे बघितलं. किशोरीनं मान हलवली. तो सुटला.

खाली काहीतरी आपटलं. सायकल पडल्याचा आवाज तिला ओळखता येत असे. हा तो नव्हता.

ती धावत वळणाशी आली तेव्हा ऋत्विक करवंदीत अडकला होता आणि हलत होता. विनेश वाटेवर पालथा होता, डोकं जांभ्याच्या दगडाशी. त्याच्या हाताजवळ पाण्याची एक निळी बाटली होती. पलीकडून हेमांगी आली. तिनं वाटेत पडलेला विनेश बघितला, आणि हसली.

"परत?" ती म्हणाली.

मग तिला रक्त दिसलं. हसू तसंच तिच्या तोंडावर राहिलं, काढून घ्यायला कुणी नसल्यासारखं.

किशोरी बोलू लागली होती. वरच्या बाजूला सायकल आडवी लावा. मान हलवू नका. फोनला रेंज सड्यावर आहे, कुणीतरी वर जा. आवाज तिचाच होता, शिकवण्याचा, न घाईचा, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. तासाभरापूर्वी सांगितलेलं ती त्याच क्रमानं सांगत होती आणि माणसं त्याच क्रमानं करत होती, आणि आतून ती हे सारं लांबून ऐकत होती. क्रमात पुढचं आलं, नावानं हाक मारा. कुणीच मारली नाही. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"विनेश," ती म्हणाली. मग ओरडली, "विनेश!"

त्यानं उत्तर दिलं नाही.

माणगावला आणि तिथून पुढे मुंबईच्या दवाखान्यात त्याला नेलं. तो शुद्धीवर येईल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. बाहेरच्या बाकावर नीराबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. ऋत्विक, हाताला पट्टी, त्यांच्यासमोर भिंतीला टेकून उभा होता. बस म्हटलं तरी बसत नव्हता. तो एकच सांगत होता. ताई, मी 'ये' ऐकलं. शपथेवर सांगतो.

"मीही ऐकलं," किशोरी म्हणाली.

हेमांगी बाकाच्या टोकाला बसली होती. मग तिनं सांगितलं. तिची बाटली उतरताना वाटेतच पडली होती. मागच्याच्या चाकाखाली येईल म्हणून विनेश ती उचलायला वर निघाला. निघताना तिला म्हणाला...

"काय म्हणाला?" किशोरीनं विचारलं.

"येतो, म्हणाले. नेहमी म्हणतात तसं. जोरात."

किशोरीच्या कानात तो शब्द आता पुरा वाजला. ये. मग तो. मधला वारा. दोन अक्षरांतलं एक वर आलं होतं आणि एक समुद्राकडे गेलं होतं. लांब शब्द वाऱ्यात तुटतो, हे तीच सांगत आली होती; तुटून काय उरेल, हे तिनं कधी उच्चारून बघितलं नव्हतं. आणि घरातून, वाडीतून, गोठ्यातून निघताना तो दिवसातून किती वेळा तिच्यासमोर 'येतो' म्हणत असे.

नीराबाईंनी पदर तोंडावरून काढला.

"शाळंत जाताना 'जातो' म्हनायचा," त्या म्हणाल्या. "म्हनू नये असं. म्या तोंडावर मारला. मारून शिकवलाय त्याला तो शबूद, 'येतो'."

त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या.

विनेश वाचला. एक खांदा उतरता राहिला, डाव्या कानानं ऐकू येईना. घरी आल्यावर त्यालाही कळलं काय झालं ते. त्यानं विनोद करून बघितला, की एका अक्षरानं मेलो असतो, बाराखडी शिकलो ते वाईट झालं. किशोरी भांडी घासत होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. सायकली पडवीत टांगून ठेवल्या गेल्या. पाऊस येऊन गेला, सड्यावरचं गवत वाढून पिवळं पडलं, आणि गटांचे फोन येत तेव्हा ती नाही म्हणून सांगे. नियम बदलता येईल, हाकेऐवजी शिट्टी ठेवता येईल, हे तिला कळत होतं. माणसाला वरून सोडायचं कसं, हे कळत नव्हतं.

शेवटी विनेशनंच सायकली खाली काढल्या, चाकांत हवा भरली आणि एका गटाला परस्पर होकार दिला.

रेडकाच्या उतारावर ते पुन्हा उभे राहिले. विनेशच्या डोक्यावर आता शिरस्त्राण होतं, गळ्यात शिट्टी. वळणाकडे निघताना त्यानं तिच्याकडे बघून तोंड उघडलं, मिटलं, आणि काही न बोलता उतरला. इतकी वर्षं तो तिच्यापुढून असा मुका कधी गेला नव्हता.

पहिली पाळी प्राप्तीची होती, कॉलेजातली मुलगी. किशोरीनं तिचं हँडल धरलं होतं. वारा पाठीमागून येत होता. खालून शिट्टी आली, स्पष्ट, न तुटलेली.

"ताई, जाऊ?" प्राप्तीनं विचारलं.

निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत. 'ये' म्हणतात. माहेरी, सासरी, साऱ्या किनाऱ्यावर. किशोरीच्या जिभेवर तोच शब्द आला. तिनं दात आवळले. मुलगी वाट बघत होती. हँडलवरची बोटं सुटेनात. खाली शिट्टी पुन्हा वाजली.

"जा," किशोरी म्हणाली.

सायकल सुटली. जांभ्याचे खडे चाकाखाली वाजत गेले, वळणापर्यंत. मग वाजायचे थांबले. किशोरीचा हात अजून हँडलाच्या उंचीवर होता, रिकामा.

मग शिट्टी आली.