बाबांचा माल नापास झाला तेव्हा

आमच्या बाबांचा भाजीपाला मंगरूळपीरच्या बाजारातून कधी परत आला नाही. तो पहिल्यांदा नापास केला तो मी, त्यांच्या पोटच्या पोरीने, वाशीमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत.

तिथे मी गावरान वांग्यांच्या डीएनएवर काम करत होते. त्यात आमच्या मळ्यातलं काटेरी वांगं असलंच पाहिजे, हा माझा हट्ट. त्याचं बी आईने जन्मभर सांभाळलं होतं. आई गेली, आणि यंदा मर रोग लागून झाडांनी माना टाकायला सुरुवात केली. डीएनए चांगला निघाला तरच नमुना पुढच्या तपासणीला जाईल, नाहीतर हे वांगं वगळायचं, असं मॅडमनी बजावलं होतं.

बाबांकडे कोवळी पानं मागितली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते एसटीने हजर. पानं अशी टवटवीत, की मी ती मैत्रिणींना मिरवून दाखवली.

पानांतून काढलेला डीएनए जेलवर, म्हणजे तो तपासायच्या जेलीसारख्या वडीवर, चढवला आणि फजिती झाली. चांगला डीएनए लांबलचक असतो. वीज सोडली तरी तो जेलमध्ये फार सरकत नाही, नमुना भरतात त्या वरच्या खाचेजवळ एक ठळक रेघ होऊन बसतो. तुटका असला की लहान-मोठे तुकडे जमेल तसे खाली पळतात. शेजारच्या सगळ्या नमुन्यांच्या रेघा ठणठणीत होत्या. आमच्या रांगेत वरपासून खालपर्यंत नुसता धुरकट पट्टा, बोटाने काजळ फासल्यासारखा. मला रडूच आलं. डोळे पुसून बाबांना फोन लावला.

"बाबा, पानं आणली कशी होती?"

"कशी म्हंजे? मेथी नेतो तशी. सांजीच तोडली, पानी मारलं, ओल्या बारदान्यात करकचून बांधली. काहून?"

बाजारासाठी तेच बरोबर होतं. पण त्या गच्च गाठोड्यात पानं रात्रभर उबली, वरून हिरवी राहिली आणि आतला डीएनए तुटला. कशी आणायची ते सांगायला मीच विसरले होते, पण त्या वेळी मी फटकन बोलून गेले, "माल नापास झाला, बाबा."

 पलीकडून एकदम बारीक आवाजात, "माहा माल?"

मी लगेच सूर बदलला. म्हटलं, "बर्फात आणता का? झाड राह्यलं हाये ना?"

"एक तगून राह्यलं. आनतो."

स्टँडजवळच्या कुल्फीवाल्या चाचांकडून त्यांनी बर्फाने भरलेला थर्माकोलचा डबा मागून घेतला आणि वाशीमपर्यंत मांडीवर धरून आणला. पँट भिजून गुडघ्यांना चिकटली होती. नमुना जेलवर जाऊन निकाल येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले, चहाला हात लावला नाही.

मॅडमनीच त्यांना आत बोलावलं. पडद्यावर आमच्या रांगेत, अगदी वर, एक लखलखीत रेघ होती. खाली धूर नाही, काही नाही.

"एवढीशीच?" बाबा वाकून म्हणाले.

"एवढीशीच लागते. कुठंच तुटलं नाही, बाबा. पास."

त्यांनी बोट शर्टाला पुसलं आणि पडद्याला न लावता त्या रेघेखाली धरलं.

"तुह्या मायनं राखलेलं हाये ते," ते म्हणाले. "तुटन कसं?"

मग मॅडम लांब गेल्याचं पाहून माझ्या कानाशी आले, "पन ते पयलं नापासचं बाजारात कोनाले सांगू नको, माय."