मायाक्काची हाक

सिद्धाप्पा ड्रायव्हर घाबरट होता, असं त्याच्यामागे सगळे म्हणत. मी दर सोमवारी पहाटे अक्कलकोटहून त्याच्या सर्व्हिस मोटारीनं सोलापूरच्या शाळेत शिकवायला जात असे. हे १९३२ सालचं. त्याचं भ्यायचं कारण मला ठाऊक होतं, म्हणून हे लिहितो.

सिद्धाप्पा धनगराचा. आई लहानपणीच गेली. थोरली बहीण मायाक्का हिनं त्याला मेंढरांबरोबर वाढवला. मायाक्का विधवा. तिचा मेंढरं कोंडायचा वाडगा वळसंगच्या अलीकडच्या माळावर होता. माळाखाली रस्ता एका खोलगटात उतरे, आणि तिथूनच काळविटांचा कळप उजाडताना तळ्याकडे पाण्याला जाई.

आदल्या वर्षी तिथं दुसऱ्या एका मोटारीवर काळवीट आदळलं. शिंगं काच फोडून आत आली. त्या ड्रायव्हरला बाहेर काढणाऱ्यांत सिद्धाप्पा होता. गावी नेईपर्यंत तो ड्रायव्हर गेला.

तेव्हापासून खोलगट जवळ आला की सिद्धाप्पा धास्तावे. तो भोंगा दाबत सुसाट गाडी काढी. मेंढरं आवाजाला बुजून बाजूला होतात, तशी हरणंही होतील, हा त्याचा धनगरी हिशेब. मायाक्का म्हणायची, "आरं सिद्धा, हरीण मेंढरू न्हवं. तू पळीवलंस की ते बी पळतंय, आन् तुज्या तोंडापुढनंच आडवं जातंय. थांबत जा की."

"थांबलो तर मालक घरी बशिवतोय, आक्का. टेसनावरची आगगाडी गाठायची असती लोकान्ला."

पौषातल्या एका सोमवारी धुकं पडलं होतं. मी पुढच्या बाकावर, त्याच्या शेजारी. उतार लागला, भोंगा वाजू लागला, आणि एकाएकी समोर सगळा रस्ता पांढराकाळा झाला. मेंढरं! मधोमध मायाक्का, काठी आडवी धरून.

सिद्धाप्पानं ब्रेकवर अख्खा देह टाकला. मोटार खडीवरून घसरत गेली. त्यानं डोळे मिटून घेतलेले मी पाहिले. मला मात्र मिटता आले नाहीत. एक दणका बसला आणि मोटार थांबली. मायाक्का आमच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. चाकाखाली तिचा घंटेचा मेंढा.

कोणी बोलायच्या आत माळावरून हरणं आली. एकामागून एक, डोक्याइतक्या उंच उड्या घेत. आम्ही न थांबतो तर ती कुठं आली असती, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

सिद्धाप्पा उडी टाकून तिच्याकडे धावला. "आक्का, मेली असतीस की!"

"मेंढरापुढं तू थांबतूस, हे ठावं हाय मला," ती म्हणाली. "हरणापुढं न्हाय थांबत. मग काय करू?" मेंढ्याच्या गळ्यातली घंटा सोडून तिनं त्याच्या हातात दिली. "हितं आलास की इंजान बंद कर आन् ही वाजीव. म्या वरनं बगते. शेवटचं हरीण गेलं की हाक दीन. मग जा."

तेव्हापासून तसंच चाले. घंटा वाजे, आम्ही थांबू, मग वरून लांबलेली हाक येई, "जाऽऽ!" मालकाची बोलणी सिद्धाप्पा खाली मान घालून ऐके.

माघातल्या एका पहाटे घंटा वाजली. कळप आला, गेला. हाक आली नाही.

सिद्धाप्पानं पुन्हा वाजवली. पुन्हा. वर धुक्यात काही दिसत नव्हतं. माळावर लांडग्यांचा वावर होता, आणि म्हातारी एकटी.

"काय रे सिद्धाप्पा," मागून मानसिंग बोलला. हा स्टेशनावर मालधक्क्याचा कारकून. "हरणांचा पास तपासायचा राहिला वाटतं? कळप तर गेला. चल, माझी हजेरी जाईल."

"आक्का बोलली न्हाय अजून."

"झोपली असेल ती!"

"आक्का झोपत न्हाय." सिद्धाप्पाच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. तो हळूच मला म्हणाला, "मास्तर, तिला कायतरी झालं असंल. वर जाऊ का? पर ती वरनं बगत असंल, आन् मी गाडी सोडून गेलो, आन् कुनी हँडल मारलं तर..."

हँडल मारा, निघा, असा गलका झाला. मानसिंग खाली उतरून स्वतःच मोटारीच्या तोंडाशी, इंजिन फिरवून चालू करायच्या हँडलकडे चालू लागला. सिद्धाप्पानं खाली उतरून त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत त्यानं कोणाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. "न्हाय. ती बोलंस्तवर न्हाय."

दोघं तसेच उभे. मग वर खडे घरंगळले.

धुक्यातून एक काळवीट बाहेर पडलं. मोठं, काळंभोर, कळपातून मागं राहिलेलं. मोटारीच्या पुढून, मानसिंगपासून चार हातांवरून, शिंगं मागं टाकून ते रस्ता ओलांडून गेलं. मानसिंग मडगार्डला धरून खाली बसला.

आणि वरून, थंडीनं बसलेल्या घशातून, हाक आली. "जाऽऽ!"

सिद्धाप्पा परत आपल्या जागेवर चढून बसला. मग त्यानं घंटा एकदा वाजवली, ऐकलं म्हणून सांगायला.

सोलापूरला पोचलो तेव्हा आगगाडी सुटून गेली होती. मानसिंगनं स्वतःच मालकाला जाऊन सांगितलं, वाटेत चाक पंक्चर झालं होतं.