सतरा नंबरच्या ओळीतलं पाणी

विसूभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. "काका, बाबा गेले. सकाळी चहा ठेवला अन् उठवाले गेलो, तर..." मी "येतो" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या क्षणी मला दुःख झालं नाही. सुटल्यासारखं वाटलं. आता हा माणूस मला कधीच काही विचारणार नाही, असं मनात आलं. या सुटकेची लाज गेला दीड महिना माझ्यासोबत जेवायला बसते आहे. म्हणून हे लिहितो आहे. विसूभाऊंना ओळखणारे आता फार थोडे उरलेत, आणि जे ओळखतात ते त्यांना एका खोट्या गोष्टीसाठी ओळखतात.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. मेहकरजवळच्या एका लहानशा ज्वारी संशोधन केंद्रावर मी कृषी पदवी घेऊन रुजू झालो. मी वडनेर भोलजीचा, शेतकऱ्याच्या घरचा. विसूभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, सुलतानपूरचे, आणि अवर्षणाला टिकणाऱ्या वाणांचं काम त्यांच्याकडे होतं. दोन खोल्या, एक विहीर, तिच्यावरचं कुरकुरणारं इंजिन आणि पंधरा एकर काळी जमीन, एवढाच आमचा संसार. रब्बी ज्वारीचे चोवीस वाण शेताच्या अर्ध्या भागात पाण्यावर आणि अर्ध्या भागात कोरडे पेरायचे, आणि कोरड्यात कोण तग धरतं ते पाहायचं. पहिल्याच आठवड्यात मी सकाळी सातला वही घेऊन शेतात उभा राहिलो, तर ते हसले. "काऊन बे गजा, नवरी पाहाले आला का? सकाळी सगळंच पीक शहाणं दिसते. दुपारी दोनले ये."

दुपारी दोनला ते स्वतः प्रत्येक ओळीतून चालायचे. पानाला हाताची मागची बाजू लावायची, पान गार आहे की तापलंय ते पाहायचं, सुरळी झाली असेल तर कितपत ते बोलायचं आणि मी लिहायचं. त्या काळी आमच्याकडे दुसरं यंत्र नव्हतं. शेतात जे केलं ते त्याच दिवशी नोंदवहीत गेलं पाहिजे, या एका बाबतीत ते कडक होते. बाकी माणूस मऊ. माझा डबा आला नाही तर भाकरीचा अर्धा-चतकोर तुकडा न विचारता पुढे सरकवायचे.

दुसऱ्या वर्षी ज्वारी पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानांच्या आत असताना त्यांचे वडील अत्यवस्थ झाले, आणि विसूभाऊ चार दिवस सुलतानपूरला गेले. जाताना मला म्हणाले, "पाहात राहा फक्त. जीव घाबरन तुहा, पन हात लावू नको. ज्या मरतीन त्या मरू दे."

तिसऱ्या दिवशी वारं सुटलं. कोरड्या भागातली सतरा नंबरची ओळ दुपारी पाहिली तेव्हा पानं सुयांसारखी झाली होती आणि शेंडे पांढरे पडू लागले होते. सतरा नंबर विसूभाऊंचा लाडका होता. कणीस भरदार, दाणा मोत्यासारखा, त्याच्यावर त्यांची सगळी भिस्त. पण खरं सांगायचं तर मी वाणाचा विचार केला नाही. निसवायच्या बेतात आलेली ज्वारी डोळ्यांसमोर वाळते आहे आणि विहीर पन्नास पावलांवर आहे, हे आमच्या घरातल्या कोणालाच बघवलं नसतं. दिवस कलल्यावर मजूर गेले, आणि मी विहिरीतून सहा घागरी काढून त्या ओळीच्या बुडाशी ओतल्या. दुसऱ्या दिवशी आणखी सहा. वहीत लिहिलं, 'पाणी नाही.' विसूभाऊ आल्यावर तोंडी सांगू, असं ठरवलं होतं.

ते आले ते मुंडण करून. वडील गेले होते, तेरावं अजून व्हायचं होतं. तशातच ते दुपारी दोनला शेतात उतरले आणि सतरा नंबरपाशी थांबले. आजूबाजूच्या ओळी करपलेल्या, आणि ही हिरवी. त्यांनी पानाला हात लावला. मला हाक मारली. "गजा, पाहून राह्यला का बे? गार आहे पान! गार!" त्या चेहऱ्यासमोर माझं तोंड उघडलं नाही. माझ्या अक्षरातल्या चार दिवसांच्या नोंदींखाली त्यांनी न वाचल्यासारखी सही केली... नऊ नंबरचीही ओळ टिकली होती, बारीक कणसाची, मळकट दाण्याची. तिला मी थेंबही दिला नव्हता. अहवालात दोन्ही नंबर गेले. सतराचं बी पुढच्या हंगामात दुसऱ्या केंद्रांवर चाचणीला पाठवलं. नऊची पाळी त्यानंतर यायची होती.

सतरा नंबर सगळीकडे वाळला. चौकशीला वरून साहेब आले. राखणदार म्हणाला, कोरड्या भागातली एक ओळ मागच्या साली एका सकाळी ओली दिसली होती. दिवस कोणता, ते त्याला आठवेना. मला आठवत होता. साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काही माहिती?" मी म्हणालो, "नाही." खोलीत विसूभाऊ माझ्याकडे नाही, टेबलावरच्या वहीकडे पाहत होते.

त्या संध्याकाळी बांधावर ते मला एकदाच म्हणाले, "चार दिवस तू होता ना रे. तुले कोनी दिसलं का?"

"नाही, विसूभाऊ."

"बरं."

त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी मला वाचवलं, असं मानणं मला सोयीचं आहे. अनेक वर्षं मी तसं मानतही होतो. आज वाटतं, त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. ते जास्त वाईट आहे.

आपला वाण पुढे यावा म्हणून चोरून पाणी दिलं, असा शिक्का त्यांच्यावर बसला. त्यांच्या हातच्या सगळ्या नोंदी संशयास्पद ठरल्या, आणि त्यात नऊ नंबरही टाकून दिला गेला. विसूभाऊंची बदली तालुक्याच्या बियाणे गोदामावर झाली. निवृत्त होईपर्यंत त्यांनी थैल्या मोजून दिल्या. पुन्हा एकही चाचणी त्यांच्या हाती आली नाही. एकच ओळ भिजली म्हणजे घागरीनेच, असं धरून लोक त्यांना 'घागरवाले साहेब' म्हणू लागले. मी पुढे शिकलो. कोरडवाहू पिकांचा जाणकार म्हणून नाव झालं, व्याख्यानं दिली. पानाला हाताची मागची बाजू लावून पाहायचं, हे मी कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवलं. कोणाकडून शिकलो, ते सांगितलं नाही. मोठा दुष्काळ पडला तेव्हा खडीच्या कामावरची माणसं पाहून नऊ नंबर आठवला. तेव्हाही गप्प राहिलो.

तेराव्यानंतर मी सुलतानपूरला गेलो. विसूभाऊंच्या पत्नी, शांतावहिनी, ओसरीवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, घागरींच्या संख्येसकट. त्या रडल्या नाहीत.

"अन् हे तुमी मले सांगून राह्यले," त्या म्हणाल्या. "त्याइले काऊन नाही सांगितलं? दर दिवाळीले तर येत होते. माह्या हातच्या करंज्या खात होते."

"हिंमत झाली नाही, वहिनी."

"माह्या पोराले शायेत घागर म्हनत होते, भाऊजी. लग्नात म्हनत होते. आता मले सांगून काय करता? मले तर पयलेच माहीत होतं का माह्या मानसानं नाही टाकलं. ज्याइले माहीत नाही त्याइले सांगा. पेपरात लिहा. तुमचं नाव टाकून लिहा."

मग त्या उठल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. खुंटीला एक कापडी थैली होती, तिच्यावर पेन्सिलने 'नऊ' लिहिलेलं. विसूभाऊ ते बी स्वतःच्या वावराच्या कोपऱ्यात दर एक-दोन वर्षांनी पेरून जिवंत ठेवत होते. गुडघे गेल्यावर बंद झालं. "दहा-बारा सालं झाली असतीन," वहिनी म्हणाल्या. कितीतरी दिवाळ्या मी त्या खुंटीपासून एका भिंतीच्या अंतरावर करंज्या खात बसलो होतो.

थैली घरी आणली. बऱ्याच दाण्यांना किड्याने भोक पाडलं होतं. त्यातले शंभर चांगले निवडले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि रोज उघडून पाहिले. दहा दिवस झाले. दाणे फुगले, मऊ पडले, त्यांना बुरशी आली. एकालाही मोड आला नाही.

काल वहिनींना फोन करून हे सांगितलं. बी मेलं आहे, मी आधी आलो असतो तर वाचलं असतं, असं काहीतरी बोलत राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं लिहून झालं का?"