मायला कोण पाहतं?

"बाळाले सारेच पाह्यतात. मायले कोन पाह्यते?" बाळंतपण झालं की आमच्या सिस्टर हमखास हे म्हणायच्या. सगळ्यांच्या माना बाळाकडे वळलेल्या असायच्या. यांचा हात मात्र आईच्या पोटावर.

मोर्शीजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी नवा डॉक्टर होतो आणि त्या तिथल्या जुन्या नर्स. कागदावर साहेब मी, हुकूम त्यांचा. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. पहिल्याच आठवड्यात मी औषधांच्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटली ठेवली. त्यांनी ती माझ्या टेबलावर आणून आदळली.

"थंड पानी हाटेलात भेटते, सायेब. घडीघडी फ्रिज उघडून हे बाळंतपनाचं इंजेक्शन गरम झालं, तं बाईचं रक्त कशानं थांबवाल?"

संत्र्याच्या तोडीचे दिवस होते. बागेत कामाला येणारी एक तरुण बाई दुपारी बाळंत झाली. मुलगी. सिस्टरनी लगेच फ्रिजमधलं ते इंजेक्शन दिलं, वारही नीट पडली. मी निश्चिंत होऊन हात धुवायला वळलो.

"सायेब, इकडे या."

आईच्या खाली रक्त मोजायची, खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी होती. रक्त धोक्याच्या खुणेपर्यंत आलं होतं.

"एवढं तर जातंच," मी म्हणालो.

"डोये फसवतात, पिशवी नाई फसवत. सलाइन लावा. काहून उभे राह्यले?"

मी धावलो. सलाइन, पुढची औषधं, अ‍ॅम्ब्युलन्सला फोन. सिस्टर पोटावरून गर्भाशय चोळत होत्या. बाईचे ओठ पांढरे पडत चालले होते. "डोये मिटू नको, पोरी. लेकीचं नाव काय ठेवतं, सांग मले!" त्यांचे दंड थरथरत होते. मी पुढे झालो, तर कोपरानंच मला मागे सारलं.

आणि एकदम त्या ओरडल्या, "कडक झालं! सायेब, कडक झालं!"

सैल पडलेलं गर्भाशय त्यांच्या हाताखाली आवळलं होतं. धार थांबली. बाई पुटपुटली, "नाव... तुमीच ठेवा." सिस्टर हसल्या आणि तशाच मटकन स्टुलावर बसल्या. अमरावतीला दोन दिवस देखरेखीखाली राहून ती बाई लेकीला घेऊन घरी गेली, स्वतःच्या पायांनी.

पुढे सिस्टरनी स्वतः मागून डोंगर-जंगलातल्या सेमाडोहकडे बदली घेतली. तिकडे बाया अजून घरीच बाळंत होतात म्हणून. आमचं केंद्र त्या गेल्यापासून फार शांत झालं.

परवा त्यांचा फोन आला. "सुनेले दवाखान्यात आना म्हनलं, तं तीन सासवा मले शिव्या देऊन गेल्या, सायेब. आज चवथी सोताच सुनेले जीपमंदी घालून घेऊन आली!"

मागून कुणीतरी हाक मारली. फोन टेबलावर तसाच टाकून त्या पळाल्या. त्यांच्या चपलांचा फटफट आवाज लांब जाईपर्यंत मी ऐकत राहिलो.